पाच राज्यांच्या अध्यक्षाचा वग

लॉकडाऊनच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडत होते. जत्रा बंद, तमाशे बंद. आमच्या फडाच्या गाड्या एका मंगल कार्यालयामागं उभ्या होत्या आणि त्यांच्या टायरांभोवती गवत वाढलं होतं. ढोलकीवाला गवंड्याच्या हाताखाली गेला. सोंगाड्यानं भाजीची हातगाडी लावली. मी अर्धं आयुष्य स्टेजवर राण्या केल्या, गुडघे गेल्यावर फडासाठी वग लिहायला लागले, आणि आता पिकलेला माल एका क्रेटमध्ये, कच्चा दुसऱ्यात, असं करत दिवस काढत होते. कामाची लाज नव्हती. तोंड मिटून बसावं लागायचं त्याचा मात्र त्रास व्हायचा. बोलण्यावर जगलेली बाई मी. मास्कच्या आत स्वतःशीच जुने संवाद म्हणायचे.

माझी भाची त्या दिवसांत माझ्याकडं राहायला आली होती. धाकट्या बहिणीची मुलगी. बहिणीनं तिला फडापासून लांब ठेवून, पुण्याला हॉस्टेलवर घालून शिकवलं. ती स्पॅनिश भाषा शिकली आणि घरी बसून कुठल्याशा कंपनीची भाषांतरं करायची. संध्याकाळी काम संपलं की सराव म्हणून एक जाडजूड पुस्तक मोठ्यानं वाचायची. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज ऐकून राहवेना.

"काय वाचतीस गं? भांडण चालल्यासारखं वाटतंय."

"भांडणच आहे मावशी. पाच राज्यांचं."

मग तिनं मला समजावून सांगितलं. नकाशात वरची अमेरिका आणि खालची अमेरिका दिसते, त्या दोघींना जोडणारी एक चिंचोळी पट्टी आहे. तिथं स्पेनच्या राजाची सत्ता होती. दोनशे वर्षांपूर्वी ती गेली आणि पाच लहान राज्यांनी मिळून एक देश केला.

"म्हणजे आपल्याकडं चार-पाच वाड्यांची मिळून ग्रुप ग्रामपंचायत असते, तसं."

"अगदी तसं. आणि भांडणंही तशीच. राजधानी कुठं, कर कुणी भरायचा, सैन्य कुणाच्या हुकमात."

"आणि हे पुस्तक कुणाचं?"

"त्या पाचांच्या अध्यक्षाचं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी कोथिंबीर निवडायला किंवा लसूण सोलायला घेऊन तिच्यापुढं बसायचे, आणि ती एक पान तिकडच्या भाषेत, एक पान आपल्या भाषेत, असं सांगत जायची. तो माणूस डोंगराळ मुलखातला. शाळा नावापुरती झालेली. वकिलाच्या कचेरीत कागद उतरवता उतरवता कायदा शिकला, नात्यातल्या कुणाची तरी पुस्तकं वाचून फ्रेंच शिकला. लष्करातलं शिक्षण काही नाही, आणि तरी लढाया जिंकत गेला. पाच राज्यांचा अध्यक्ष झाल्यावर त्यानं शाळा काढायला लावल्या. ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू दे म्हणाला. आडवे येणाऱ्या बड्या पाद्र्यांना बोटीत घालून देशाबाहेर पाठवलं. जुनी घराणी आणि चर्चमधली मोठी माणसं दात ओठ खाऊन बसली.

आणि मग कॉलऱ्याची साथ आली.

इथं भाची वाचायची थांबली. आमच्या घरापासून हायवे जवळ. तिथून अँब्युलन्सचा आवाज येत होता. तो लांब जाईपर्यंत मी कोथिंबिरीच्या काड्या खुडत राहिले.

"पुढं," मी म्हटलं.

पुढं असं झालं, की अध्यक्षाच्या पक्षाच्या सरकारनं पाण्यात औषध टाकलं. डोंगरातल्या लोकांना कुणीतरी सांगितलं, हे औषध नाही, विष आहे. तुम्हाला मारून तुमची रानं परदेशी माणसांना द्यायचा बेत आहे. लोक आधीच डोईपट्टीनं, म्हणजे माणशी बसवलेल्या करानं, वैतागलेले, ते उठले. त्यांचा पुढारी झाला एक डुकरं राखणारा तरणा गडी. शाळेची पायरी न चढलेला, पण हाक मारली की सगळा डोंगर खाली उतरायचा. अध्यक्षाची पुढची काही वर्षं त्याच्याशी लढण्यात गेली आणि शेवटी तो डुकरंवालाच जिंकला.

पण वग मनात बसला तो त्याआधीच्या एका प्रसंगानं. अध्यक्ष मोहिमेवर असताना शत्रूंनी त्याची राजधानी घेतली. घरात त्याची बायको आणि मुलं. निरोप पाठवला: शरण ये, नाहीतर यांना मारू. त्यानं उलट निरोप दिला, की ती माणसं मला जिवापेक्षा प्यारी आहेत, पण मी या देशाचा प्रमुख आहे, मला चालून यावंच लागेल. आणि तो चालून गेला.

माझ्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. "मारली का त्यांना?"

"नाही. त्यांचं धाडस झालं नाही. त्यानं शहर परत घेतलं."

मी इतके वग लिहिले, इतक्या वगांत कैद झाले. आमच्या वगात राणी कैद झाली की राजा रडतो, मग प्रधान युक्ती काढतो किंवा देवी प्रसन्न होते. इथं युक्ती नाही, देवी नाही. इथं माणसाला एका बाजूला उभं राहावंच लागत होतं. आणि शेवट तर त्याहून कठीण. अध्यक्ष हरून परदेशी गेला, तिथं सुखानं राहता आलं असतं, पण पाच राज्यं पुन्हा एक करायची म्हणून परत आला. त्यातल्या एका राज्याची सत्ता हाती आली, लगेच सैन्यभरती सुरू केली. तिथलीच माणसं उठली. त्यांनी त्याला धरलं, चौकशीही न करता चौकात उभं केलं. गोळ्या घालणाऱ्या शिपायांना हुकूम त्यानं स्वतः दिला, असं सांगतात. एकाची बंदूक वाकडी होती, ती त्यानं नीट करून दिली. पहिली फैर झाली, आणि त्यानं मान वर करून सांगितलं, की मी अजून जिवंत आहे. मग दुसरी फैर झाली.

"ह्याचा वग करायचा," मी म्हटलं.

भाची हसली. "मावशी, त्याचं नाव आपल्याकडं कुणाला उच्चारता येणार नाही."

"नाव कशाला? अध्यक्ष म्हणायचं. अध्यक्ष काय, सोसायटीला असतो, दूध डेअरीला असतो. सगळ्यांना कळतो."

तेव्हापासून मला तो अध्यक्षच. इथंही नाव लिहीत नाही.

पावसाळाभर मी वग रचला. भाची मध्येमध्ये सांगायची, "त्या डुकरंवाल्याला नुसता दुष्ट करू नकोस. त्याच्या माणसांचं म्हणणं खोटं नव्हतं." मी मान डोलवायचे आणि त्याला दुष्टच करायचे. दोन नायक एका वगात मावत नाहीत, असं मला तेव्हा वाटत होतं.

जत्रा उघडल्या तसे आमचे लोक गोळा झाले. सगळे आले नाहीत. काही दुसऱ्या धंद्याला चिकटले, दोघं साथीत गेले. फडाची मालकीण माझी चुलत बहीण, सगळ्यांची आक्का. गाड्या धुतल्या, टायर बदलले, आणि पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात हायवेच्या कडेला आमची राहुटी लागली. गावोगावचे पंच तिथं येतात, तमाशा ठरवून सुपारी देऊन जातात. त्याच राहुटीत मी आक्काला वग वाचून दाखवला.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग पानाला चुना लावत म्हणाली, "लोकं गाणी बघाय येत्यात गं. वग लागला की उठून चहाला जात्यात. आन् तू परदेसातला मानूस आणतीस?"

"हितलं मानूस आणलं तरी उठत्यातच की. एकदा तिकडलं आणून बगू."

"आगं, पन त्यो शेवटाला मरतो."

"मरतो."

"त्याच्याच लोकांच्या हातनं."

"व्हय."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आमच्या घरात याचा अर्थ असा, की तुझं तू निस्तर.

राजाचं काम करणारे नट आमच्याकडं फार जुने. सगळा फड त्यांना राजेच म्हणतो. माईक नसताना शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा त्यांचा. साथीतून उठले होते, दम लागायचा, पण मान ताठ. त्यांनी कागद परत माझ्या हातात दिले.

"ताई, मी स्टेजवर कधी मेलो न्हाई."

"म्हाईत हाय मला."

"मरायचंच आसंल तर दगाफटका तरी दाखवा. पाठीत खंजीर, पेल्यात इख. आपणच म्हणायचं गोळी घाला, ह्ये काय राजाला शोभतं व्हय?"

"तो राजा न्हाईच राजे. निवडून दिलेला मानूस हाय."

"मग कशाला एवढी अकड?"

मी म्हटलं, "तुमी तालमीला या. न्हाई जमलं तर सोडून द्या." ते आले. कुरकुरत आले, पण रोज आले.

सोंगाड्याला डुकरंवाला दिला. त्यानं कागद उलटेपालटे करून बघितले. "डुकरं राखणारा? मी?" म्हणाला. मला वाटलं, आता हाही कागद परत देणार. पण तो म्हणाला, "राखीन. पन त्याला बावळट न्हाई करणार, आधीच सांगतो."

अध्यक्षाचा कोट मंचरच्या एका बँडवाल्याकडून आणला. लाल, पितळी बटणांचा, खांद्यावर झुपके. बंदुका दरोडेखोरांच्या जुन्या वगातल्या लाकडीच होत्या. बायकोचं काम मी घेतलं. वयानं ते बसत नव्हतं, पण रंगाखाली वय झाकता येतं, आणि त्या बाईला उभंच राहायचं होतं. माझ्या गुडघ्यांना तेवढं जमणार होतं.

आता गाव पाहिजे होतं. येणारे पंच आधी एकच विचारायचे, गाणी कोणती? आक्का गाण्यांची नावं सांगायची, नाचणाऱ्या पोरी किती ते सांगायची, आणि वगाचं नाव शेवटी पुटपुटायची. असे बरेच जण आले आणि गेले. मग एके दुपारी शिनोलीच्या पुढच्या, भीमाशंकरकडच्या डोंगरातल्या एका गावचे पंच आले. जीपमधून चौघं उतरले. त्यांच्यात एक म्हातारे होते, टोपी मळकी, नजर तेज. बाकीचे गाण्यांचं बोलत होते आणि हे राहुटीच्या खांबाला टांगलेला लाल कोट बघत होते.

"ह्यो कुणाचा?" त्यांनी विचारलं.

आक्का काही बोलायच्या आत मी पुढं झाले. "अध्यक्षाचा, आबा. पाच राज्यांच्या."

"कुठल्या?"

मी तिथंच, उभ्याउभ्या सांगायला सुरुवात केली. पाच राज्यं एकत्र कशी आली, करावरून कशी भांडली, पाण्यात औषध टाकलं तर विषाची आवई कशी उठली. गाण्यांचं बोलणारे तिघंही वळून ऐकायला लागले. मी राजधानी पडल्याचं सांगितलं, बायकोमुलं ओलीस धरल्याचं सांगितलं, शत्रूचा निरोप सांगितला, आणि थांबले.

"मंग?" म्हातारे म्हणाले. "गेला का शरण?"

"ते गावात येऊन सांगते."

"आरं तिच्या! आसं कुठं असतं व्हय बाई?"

"आसंच असतं आबा. वग हाय त्यो."

बाकीचे तिघं हसले, पण म्हातारे हसले नाहीत. त्यांनी आक्काला सांगितलं, "रातीला गाणी करा, पोरांसाठी. आन् दुसऱ्या दिशी सकाळच्या हजेरीला हा वग करा. सबंद. मधी तोडायचा न्हाई."

हजेरी म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशीचा, उजेडातला खेळ. कुस्त्यांच्या आधी असतो. लोक रात्रभर जागलेले, कुणी पेंगतंय, कुणाच्या घरी पाहुण्यांचं जेवण शिजतंय. तिथं वग, तोही सबंध, ही मोठी जोखीम. मला चालणार होतं. मला एक गाव पाहिजे होतं, ते मिळालं.

त्या गावाला भाताची खाचरं देवळाच्या मागं पायऱ्यांसारखी चढत गेलेली. कापणी केव्हाच झालेली, खाचरं कोरडी, आणि त्यांच्या बांधांवर बायका पदर डोक्यावर ओढून बसलेल्या. पुरुष खाली, स्टेजसमोर. तरणी पोरं सगळ्यांत पुढं, रात्रीच्या गाण्यांची नशा अजून उतरलेली नाही.

पहिला प्रवेश पडला. पाच राज्यांचे पाच पुढारी आले, भांडले, एक झाले. राजे लाल कोटात आले. भाषण सुरू झालं, आमच्या वगातलं नेहमीचं भारदस्त मराठी, आणि पुढच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"वग बंद करा! गाणं लावा!"

राजे बोलत राहिले. शिट्ट्या वाढल्या. मी पडद्याआड उभी होते. स्टेजच्या दुसऱ्या बाजूच्या पडद्याआडून आक्का हातानं कात्री दाखवत होती: काप, पुढचं पान काप. मी मान हलवली. तिनं पुन्हा कात्री दाखवली. मी तिच्याकडं पाठ केली, आणि राजे भाषण संपवून आत येताच सोंगाड्याला पुढं ढकललं.

तो हातात काठी घेऊन आला आणि पोरांकडं बघतच राहिला. "गाणं पायजे? थांबा. माझी डुकरं आधी मोजून व्हऊ द्या." आणि त्यानं काठीनं पहिल्या रांगेतली पोरं मोजायला सुरुवात केली. सगळं गाव हसलं, पोरंही हसली. मग हसणं थांबायच्या आत त्यानं आवाज बदलला. पुढचं मी लिहिलेलं नव्हतं.

"ह्या सरकारनं माझ्या इहिरीत औषीद टाकलं म्हणं. चांगलं हाय म्हणं. आसंल बी चांगलं. पन मला इचारलं का? माझी इहीर, माझं पानी. मला कुणी इचारलं?"

"न्हाई!" खालून आवाज आला.

"माझ्या डोक्यावर पट्टी बसीवली. मला इचारलं?"

"न्हाई!"

"माझं रान परदेसाच्या कंपनीला दिलं. मला इचारलं?"

आता सगळ्यांनी मिळून न्हाई म्हटलं, आणि मागून, बांधावरून, एक बाई एकटीच ओरडली, "आमाला बी कुणी न्हाई इचारलं!"

त्यावर कुणी हसलं नाही. पोरंसुद्धा वळून मागं बघायला लागली. खाली धरणाच्या पाण्यात कुणाकुणाची शेतं गेली ते त्या गावाला कुणी सांगायला नको होतं. मी पडद्याआड हातातले कागद घट्ट धरून उभी होते. सबंध गाव डुकरंवाल्याचं झालं होतं, आणि आता राजांना पुन्हा स्टेजवर जायचं होतं.

ते गेले. एवढ्या वर्षांत त्यांच्या एंट्रीला टाळी पडली नाही असं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी लोक नुसते बघत राहिले. राजांनी एकदा माझ्या बाजूला पाहिलं. मला वाटलं, आता निघून येतात. पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, बगलेत धरली, आणि पुस्तकी भाषा टाकून स्वतःच्या गावच्या बोलीत बोलायला लागले.

"न्हाई इचारलं. चुकलं माझं. औषीद खरं व्हतं, पन इचारायला पायजे व्हतं. आता माझं बी ऐका. पाच घरं हायेत. एकेकट्याला कुणी बी येऊन लुटून जाईल. पाची एक ऱ्हायली तर कुणाची टाप न्हाई. मला शिव्या घाला, खुर्चीवरनं वढा, पन ही पाच घरं फुटू देऊ नगा. मी काय ती फुटू देनार न्हाई. एकटा ऱ्हायलो तरी न्हाई."

दम लागून ते थांबले. तो खराच दम होता. लोकांना तो अध्यक्षाचा वाटला.

तिथून पुढं वग आमच्या हातात राहिला नाही, तो आपला आपण चालला. ओलिसाच्या प्रवेशात मी दोन शिपायांच्या मध्ये उभी राहिले. जासुदानं अध्यक्षाचा निरोप आणला: मला चालून यावंच लागेल. माझ्या वाट्याला तिथं एक लांब विलाप होता. मी तो सुरू करणार तेवढ्यात पहिल्या बांधावरची एक म्हातारी, शेजारणीला सांगावं तसं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आन् हिला कुणी इचारलं का?"

मी विलाप सोडून दिला. तिच्याकडं बघून म्हणाले, "न्हाई इचारलं, आजी. इचारलं आसतं तर मी बी हेच सांगितलं आसतं, की ये चालून. पन इचारायला पायजे व्हतं." आणि शिपायांना म्हणाले, "चला. कुठं उभं करायचं तिथं करा मला."

म्हातारीनं मान डोलवली. तेवढी एक मान मला त्या दिवशी पुरे होती.

शेवटच्या प्रवेशाला उन्हं डोक्यावर आली होती. पलीकडच्या आखाड्यातून कुस्त्यांचा पुकारा सुरू झाला. हेच भय होतं. दोन-तीन माणसं उठली आणि उभ्यानंच थांबली. राजांनी लाल कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट घडी करून खाली ठेवला. शिपायांपुढं उभे राहिले. "बंदुका उचला," म्हणाले. मग पुढं होऊन एका पोराची लाकडी बंदूक हातानं सरळ केली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि परत जागेवर गेले. "नेम धरा. झाडा."

हलगीवर टिपरी पडली. राजे गुडघ्यावर आले. पुकारा करणाऱ्या माणसाचा आवाज पलीकडून येतच होता, पण आमच्यासमोर कुणी हललं नाही. राजांनी मान वर केली.

"मी अजून जित्ता हाय."

हे वाक्य तालमीत ते दर वेळी मोठ्यानं म्हणायचे, सिंहासनावरून म्हणावं तसं. त्या दिवशी त्यांनी ते साधं म्हटलं, कुणी हाक मारल्यावर ओ द्यावी तसं. मग हलगी दुसऱ्यांदा वाजली आणि स्टेजवर कधीच न मेलेला माणूस आडवा झाला.

टाळ्या फार झाल्या नाहीत. लोक उठले, कपडे झटकले आणि आखाड्याकडं गेले. आम्ही गाडीत सामान भरायला लागलो, तेव्हा ते पंचांमधले म्हातारे आले आणि माझ्यापुढं उभे राहिले.

"मंग ती पाच राज्यं एक झाली का नंतर?"

"न्हाई आबा. पाच येगळे देश झाले. अजून येगळेच हायेत."

"आन् त्यो डुकरंवाला?"

"त्यानं लई वर्सं राज्य केलं. आजारानं गेला, अंथरुणात."

"मंग ह्यो मेला कशापायी?"

"एक करायची व्हती म्हणून."

"झाली न्हाईत तरी?"

"झाली न्हाईत तरी."

त्यांनी डोक्यावरची मळकी टोपी नीट केली. "लई आडमुठा मानूस," म्हणाले. रागानं म्हणाले की कौतुकानं, ते मला कळलं नाही. जाता जाता वळून त्यांनी सांगितलं, "पुढल्या साली परत आणा. पन त्या डुकरंवाल्याला जास्ती बोलू द्या. त्याचं अजून सांगायचं ऱ्हायलंय."

गाडीत आक्का खिडकीशी बसली. घोडेगाव मागं पडल्यावर म्हणाली, "माझ्याकडं पाठ केलीस तू." मी म्हटलं, "केली." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रातीचा खेळ न्हाई मिळायचा ह्या वगाला. हजेरीला कर, काय करायचा तो."

त्या पावसाळ्यात मी वग पुन्हा लिहिला. सोंगाड्याला शेजारी बसवला आणि डुकरंवाल्याचं म्हणणं त्याच्या तोंडून ऐकून उतरवलं. भाची पुण्याहून फोनवर सांगायची, त्या लोकांच्या तक्रारी काय होत्या, अध्यक्षाची बायको नंतर मुलं घेऊन बोटीतून कुठं कुठं फिरली आणि बंदरं तिला कशी उतरू देईनात. मी तिचा एक प्रवेश वाढवला. वग लांबला. आक्का म्हणाली, कमी कर. मी केला नाही. दोन नायक एका वगात मावतात, जागा करावी लागते एवढंच.

त्यानंतर आम्ही तो बऱ्याच गावांत केला. कुठं चालतो, कुठं नाही. डोंगरातल्या गावांत चालतो. हायवेच्या गावांत अवघड जातं. मागच्या हंगामात अवसरी बुद्रुकला तर पहिल्या प्रवेशालाच निम्मे लोक उठले. दिवस कांदे काढायचे, वरून ऊन. दुसऱ्या प्रवेशाला आणखी उठले. ओलिसाच्या प्रवेशाला मी उभी राहिले तेव्हा समोर रिकाम्या सतरंज्या, कडुलिंबाच्या सावलीत थोड्या बायका आणि चार-दोन म्हातारे.

आक्का पडद्याआडून म्हणाली, "आवर आता. कुणासाठी करतीस?"

राजांनीच उत्तर दिलं. ते कोटाची बटणं लावत होते. "ह्ये बसल्यात ते उठूस्तवर करायचा आक्का. आन् ते उठले तरी शेवट करूनच उतरायचं."

सावलीतल्या बायका उठल्या नाहीत. त्यांच्यासमोर आम्ही डुकरंवाल्याचं सगळं म्हणणं मांडलं, बायकोची बोट बंदराबंदरातून फिरवली, आणि दोन्ही फैरी झाडल्या. एकही पान कापलं नाही. राजे आता आडवे झाल्यावर लवकर उठत नाहीत, त्यांना हात द्यावा लागतो. मी आणि सोंगाड्यानं दोन बाजूंनी धरून त्यांना उठवलं. अंगावरची माती झटकत त्यांनी आक्काला विचारलं, उद्याचं गाव कोणतं.

आक्कानं गावाचं नाव सांगितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हजेरीला हाच वग सांगितलाय मी."